बिल यूपीआयने, टिप कोणाला? एका उपाहारगृहातील प्रकरणाचा अभ्यास

नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या उपाहारगृहात एका कुटुंबाने वेटरसाठी म्हणून दिलेले तीनशे रुपये त्या वेटरला मिळाले नाहीत, एवढेच हे प्रकरण आहे. रक्कम किरकोळ होती, कोणी कोणाला चोर म्हटले नाही आणि पैसे कोठे गेले याचा हिशेबही पुढे नीट लागला. तरीही ते सविस्तर मांडण्यासारखे आहे, कारण खिशात रोकड न बाळगणारा ग्राहक टिप देतो म्हणजे नेमके काय करतो, ती रक्कम कोणाच्या ताब्यात जाते आणि तिथून पुढे तिचे काय व्हायचे हे कोण ठरवतो, हे तिन्ही प्रश्न येथे एकाच बिलावर येऊन थांबले. उपाहारगृहाचे किंवा माणसांचे नाव घेण्याची गरज नाही. मालकाची पद्धत जगावेगळी नव्हती.

प्रसंग

शुक्रवारची संध्याकाळ होती. सहा जणांचे कुटुंब जेवायला आले होते आणि त्यांच्यात एक वयस्कर आजी होत्या. त्यांना तंदुरी रोटी चावत नाही हे वेटरच्या लक्षात आले, तेव्हा त्याने कोणी न सांगता आत जाऊन त्यांच्यापुरते दोन मऊ फुलके करून आणले आणि पाण्याचा पेलाही कोमट पाण्याने भरून दिला. गर्दीच्या वेळी आचाऱ्याकडून वेगळे काही करून घेणे सोपे नसते, हे ज्याने भटारखान्याचे दार एकदा तरी उघडे पाहिले आहे त्याला ठाऊक असते. त्यामुळे बिल आले तेव्हा या मुलाला काहीतरी द्यायचेच, यावर घरातल्या सगळ्यांचे एकमत होते.

बिलात जेवणाचे 3,600 रुपये, त्यावर पाच टक्के सेवा शुल्काचे 180 रुपये आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटीचे 189 रुपये, असे एकूण 3,969 रुपये लावलेले होते. वडील बँकेतून निवृत्त झालेले. बिलाच्या फोल्डरमध्ये बडीशेपेच्या वाटीखाली एखादी नोट सरकवून उठायची त्यांची जुनी सवय, पण अलीकडे तेही स्कॅन करूनच पैसे देतात, त्यामुळे पाकिटात एकच पाचशेची नोट होती. ती मोडून मिळावी म्हणून ते गल्ल्यावर गेले. तेथे उत्तर मिळाले, “काका, सुटे नाहीत हो. आजकाल सगळे स्कॅनच करतात.” हे उत्तर टाळाटाळीचे नव्हते. गिऱ्हाईक रोख देईनासे झाले की गल्ल्यात शंभर-पन्नासच्या नोटा जमाच होत नाहीत, आणि मग ज्याला रोख टिप द्यायची आहे त्यालाही मोड मिळत नाही.

मुलीने वेटरलाच विचारले, “दादा, तुमचा नंबर सांगता का? तुम्हालाच पाठवते.” तो जरा संकोचला आणि म्हणाला, “ताई, ड्युटीवर फोन काउंटरला जमा असतो.” नंबर तोंडपाठ असणारच, पण वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन दोन टेबलांपलीकडे उभा होता आणि त्याच्या देखत गिऱ्हाइकाला आपला नंबर देणे त्याला परवडणारे नव्हते. अखेर मुलीने बिलाच्या रकमेत तीनशे मिळवून 4,269 हा आकडा टाकला. काउंटरवरच्या साउंडबॉक्सने “चार हजार दोनशे एकोणसत्तर रुपये प्राप्त झाले” असे सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. “ताई, तीनशे जास्त आलेत,” गल्ल्यावरचा म्हणाला. “ते त्या दादांना द्या.” “देतो की.” निघताना वडिलांनी वेटरला सांगितले की तुमचे काउंटरवर दिले आहेत, आणि त्याने हसून मान हलवली.

महिना-दीड महिन्याने हेच कुटुंब पुन्हा तेथे गेले. तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या वेटरकडून सहज बोलण्यात कळले की त्या रात्री दुकान बंद करताना त्याने पैसे मागितले होते, तेव्हा गल्ल्यावरच्याने सांगितले की रक्कम बँकेत गेली आहे, गल्ल्यात नाही, शेठ वाटतील तेव्हा मिळेल. शेठ वाटप करीत ते पगाराच्या दिवशी, आणि त्या दिवशी हजर असलेल्यांनाच. तो त्याआधीच गेला होता.

मालकाची बाजू

वडील मालकाला जाऊन भेटले. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही आणि मालकानेही काही लपवले नाही, म्हणूनच पुढचा तपशील हाती आला. बँकेच्या खात्यात 4,269 ही एकच रक्कम जमा दिसत होती. हिशेबनीस रोज बिले आणि जमा ताडून पाहतो. 3,969 चे बिल जुळले आणि उरलेले तीनशे ‘जादा जमा’ म्हणून वेगळ्या रकान्यात गेले. महिन्याभरात असे जेवढे जमेल त्यातून आधी फुटलेल्या काचेच्या पेल्यांची आणि प्लेटांची किंमत वजा होई, आणि उरलेले आचारी, मदतनीस, वेटर व कॅप्टन यांच्यात वाटले जाई.

मालकाचे दोन मुद्दे होते आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे होते. पहिला असा की फुलके वेटरने आणले खरे, पण ते लाटले आणि भाजले आतल्या माणसाने. त्या माणसाचा चेहरा गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही म्हणून त्याने कोरडेच राहावे काय? दुसरा असा की रोख टिपच्या काळात फोल्डर उचलून आणणारा कॅप्टन त्यातली मोठी नोट स्वतःकडे ठेवायचा आणि वेटरच्या हाती चिल्लर यायची. त्या मानाने महिन्याचे वाटप अधिक न्याय्य आहे. दुसरा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. रोख टिप म्हणजे थेट हातात पोहोचलेली टिप असे आपण गृहीत धरतो, पण टेबलावर ठेवलेली नोट शेवटी कोण उचलतो हे दारातून बाहेर पडलेल्या ग्राहकाला तेव्हाही कळत नसे.

तरीही मालकाची पद्धत सदोष होती, आणि दोष वाटपात नव्हता. तो फूटतूट वजा करण्यात, वाटपाचा नियम कोठेही लिहिलेला नसण्यात, आणि “देतो की” या शब्दांनी ग्राहकाला वेगळेच काही सांगितले जाण्यात होता. ग्राहकाने पैसे एका विशिष्ट माणसासाठी म्हणून दिले होते. ते सर्वांत वाटले जातात असे त्याला तेथेच सांगितले असते, तर त्याने कदाचित आनंदाने दिले असते, कदाचित दुसरा मार्ग शोधला असता. पण निर्णय त्याचा राहिला असता.

नियम काय सांगतात

प्रथम सेवा शुल्काचा गोंधळ दूर करायला हवा, कारण वडिलांनी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला होता की बिलात 180 रुपये घेतलेच होते, ते कोणाचे? मालकाचे उत्तर होते की ते पगारखर्चात जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हॉटेले आणि उपाहारगृहांना असे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आहे. ते वेगळ्या नावानेही घेता येत नाही, ग्राहकावर त्याची सक्ती करता येत नाही, आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्या बेरजेवर जीएसटीही लावता येत नाही. हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सुरुवातीला स्थगिती मिळाली, परंतु 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून तत्त्वे कायम ठेवली. त्यानंतर प्रकरण अपिलात गेले. आपल्या प्रकरणातले बिल यांपैकी दोन कसोट्यांवर चुकीचे होते, कारण शुल्क न विचारता लावलेले होते आणि 180 रुपयांवर नऊ रुपये जीएसटीही चढलेला होता. ग्राहक ही ओळ काढून टाकायला सांगू शकतो, आणि उपाहारगृह ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो.

व्यवहारात मात्र याचा परिणाम उलटा होताना दिसतो. बिलात सेवा शुल्क पाहिले की अनेक जण “आता वेगळी टिप कशाला” म्हणून उठतात, आणि वेटरला मिळू शकणारे पैसे ना धड शुल्कातून मिळतात ना टेबलावरून. टिप द्यायची इच्छा असेल तर शुल्काची ओळ आधी काढायला लावणे आणि मग आपल्या हाताने देणे हा क्रम अधिक बरा.

दुसरा प्रश्न असा, की ग्राहकाने मालकाच्या खात्यात भरलेली टिप कायद्याच्या नजरेत कोणाची? यावर सर्वोच्च न्यायालयाचा 26 एप्रिल 2016 चा आयटीसी कंपनीच्या प्रकरणातला निकाल महत्त्वाचा आहे. हॉटेलात क्रेडिट कार्डाने भरलेल्या टिपची रक्कम मालक आधी स्वतःकडे घेतो आणि नंतर कर्मचाऱ्यांना देतो. तेव्हा ती पगार समजून मालकाने तिच्यावर उगमस्थानी कर (टीडीएस) कापला पाहिजे काय, असा वाद होता. न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. ती रक्कम नोकरीच्या करारातून येत नाही, ग्राहकाच्या मर्जीतून येते. मालक तिचा केवळ विश्वस्त म्हणून सांभाळ करतो. कर्मचाऱ्याच्या हाती ती पगार नव्हे, तर इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न ठरते. हा निकाल प्राप्तिकराच्या प्रश्नावरचा आहे, वाटपाच्या भांडणावरचा नाही, हे विसरू नये. पण त्यातला विश्वस्ताचा विचार पुढे नेला तर फुटलेल्या प्लेटांची किंमत टिपमधून वजा करणे टिकत नाही. प्लेट फुटणे हा धंद्याचा खर्च आहे, आणि विश्वस्ताने दुसऱ्याच्या ठेवीतून आपला खर्च भागवायचा नसतो.

ब्रिटनने या बाबतीत थेट कायदा केला. तेथील 2023 चा टिपवाटपाचा कायदा 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला असून त्यानुसार मालकाला टिपची सगळी रक्कम कोणतीही कपात न करता कामगारांमध्ये न्याय्य रीतीने वाटावी लागते, ती पुढचा महिना संपण्याच्या आत द्यावी लागते आणि तिच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात. कार्डाने पैसे देणे सार्वत्रिक झाल्यावर टिप मालकाच्या खात्यातच जाऊ लागली, हेही या कायद्यामागचे एक कारण होते. असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे आपल्याकडे सध्या सगळा भार मालकाच्या प्रामाणिकपणावर आणि ग्राहकाच्या चौकशीवर आहे.

वाट कोठे वळली

यूपीआय 2016 साली आले आणि 1 जानेवारी 2020 पासून त्यावरचे व्यापारी शुल्क शून्य झाले, तेव्हापासून लहानमोठ्या प्रत्येक दुकानदाराला क्यूआर लावण्यात तोटा उरला नाही. ग्राहकाची सोय झाली यात शंका नाही. मात्र क्यूआर कोणाच्या तरी खात्याचा असतो, आणि उपाहारगृहात तो मालकाच्या खात्याचा असतो. नोट वेटरच्या हातात ठेवली की ती त्याची झाली. नंतर कोणी काढून घेतली तर तो अन्याय झाला हे त्याला आणि इतरांनाही स्पष्ट दिसते. क्यूआरवर भरलेली टिप आधी मालकाची जमा होते आणि मग ती मागून घ्यावी लागते, आणि जो मागतो तो साहजिकच संकोचतो. पगारदार माणसाने मालकाकडे तीनशे रुपयांसाठी दोनदा विचारणा करायची म्हणजे पुढच्या आठवड्यात कोणती टेबले वाट्याला येतील याचा विचार करूनच विचारावे लागते.

वेटरचा स्वतःचा क्यूआर हा सरळ उपाय वाटतो, आणि फोन जवळ ठेवायची मुभा असेल तेथे तो चांगला आहेही. पण त्याला दोन अडचणी आहेत. यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचे बँकेतले पूर्ण नाव दिसते आणि नंबरावर पाठवले तर नंबरही त्याच्याकडे राहतो. वाढपाचे काम करणाऱ्या मुलींना अनोळखी गिऱ्हाइकाला आपले नाव व नंबर देणे नको वाटते आणि ते रास्तच आहे. ग्राहकाने अशा वेळी आग्रह धरू नये. दुसरी अडचण आतल्या माणसांची: भांडी घासणाऱ्याचा क्यूआर टेबलावर कधीच येणार नाही.

काय ठरले

मालक आणि वडील यांच्यात दोन-तीनदा बोलणे झाले. सल्ला देण्यात वडिलांचा बँकेतला अनुभव कामी आला, आणि तो सल्ला फारसा गुंतागुंतीचा नव्हता. ज्येष्ठ आचाऱ्याच्या व एका वेटरच्या संयुक्त नावाने वेगळे बचत खाते उघडावे, त्याचा क्यूआर ‘कर्मचाऱ्यांसाठी टिप, सर्वांत वाटली जाते’ अशा पाटीसह काउंटरवर लावावा, आणि वाटप महिन्याने न करता दर सोमवारी करून वहीवर सह्या घ्याव्यात. सोमवार अशासाठी की शनिवार-रविवारची मोठी जमा त्यात येते आणि मधेच नोकरी सोडणाऱ्याचे नुकसान फार तर एका आठवड्याचे होते. मालकाने हे मान्य केले. फूटतूट वजा करणेही बंद केले, जरा कुरकुरत. सेवा शुल्काची ओळ बिलातून काढायला मात्र त्याने आणखी काही दिवस घेतले. ती निघाली तेव्हा बिलाखाली ‘टिप ऐच्छिक आहे’ असा शिक्का येऊ लागला.

या व्यवस्थेत मुलीच्या सूचनेवरून आणखी एक गोष्ट आली. बिल आणि टिप एकाच आकड्यात भरू नये, दोन वेगळे व्यवहार करावेत, हे काउंटरवरचा माणूस आता स्वतः सांगतो. पहिल्या स्कॅनला 3,969 आणि दुसऱ्याला 300 असे झाले असते तर हिशेबनिसाला ‘जादा जमा’चा रकाना लागलाच नसता, आणि टिपचा आकडा, वेळ व देणाऱ्याचे नाव यांची वेगळी नोंद राहिली असती. जेथे कर्मचाऱ्यांचे वेगळे खाते नाही तेथेही ग्राहकाने हे जरूर करावे, आणि दुसऱ्या व्यवहाराचा स्क्रीन वेटरला दाखवावा, म्हणजे मागताना त्याच्याकडे आकडा आणि वेळ तरी असते.

गल्ल्यातून रोख मागणे, म्हणजे तीनशे जादा स्कॅन करून तेवढ्या नोटा हातात घेणे आणि त्या वेटरला देणे, हा मार्गही अनेक ठिकाणी चालतो. पण मालकाच्या बँकेत विक्रीपेक्षा जास्त जमा आणि गल्ल्यात तेवढीच कमतरता अशी जोडी रोज तयार होत राहिली तर हिशेबनीस वैतागतो, आणि सुटे नसतील तर तो मार्ग मुळातच बंद असतो. त्यापेक्षा ज्याला टिप द्यायची सवय आहे त्याने पन्नास-शंभरच्या पाच-सहा नोटा पाकिटात केवळ याच कामासाठी वेगळ्या ठेवणे मला अजूनही सर्वांत खात्रीचे वाटते. बाकी सगळे व्यवहार फोनने करणाऱ्यालाही हे जड नाही. एटीएममधून पाचशेच्याच नोटा येतात ही तक्रार खरी होती, आणि म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 28 एप्रिल 2025 च्या परिपत्रकाने बँकांना आदेश दिला की 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के आणि 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममध्ये किमान एका कॅसेटमधून (नोटांच्या कप्प्यातून) शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. दोनशेची नोट मात्र टिपसाठी अनेकदा मोठी पडते, त्यामुळे महिन्यातून एकदा बँकेच्या काउंटरवर जाऊन पन्नासचे बंडल फोडून घेणारे वडील या बाबतीत मुलीपेक्षा पुढे आहेत.

एक बाब अजून लोंबकळत आहे. भांडी घासणारे दोघे आणि फरशी पुसणारी बाई हे उपाहारगृहाच्या पटावर नाहीत, ते ठेकेदारामार्फत येतात. सोमवारच्या वहीत त्यांची नावे घालावीत असे आचाऱ्याचे म्हणणे आहे, कॅप्टनचे म्हणणे त्याच्या उलट आहे, आणि मालक म्हणतो की खाते तुमचे, तुम्हीच ठरवा. सध्या आचारी आपल्या वाट्यातून त्या तिघांना काही रक्कम देतो. वहीत तिची नोंद होत नाही, आणि काउंटरवरच्या पाटीवर ‘सर्वांत वाटली जाते’ हे शब्द मात्र तसेच आहेत.